कोर्टात घेतलेलं नाव

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या भिंतीला भिंत लागून एक टेलर राहायचा. बायकोला मारायचा. कान लावायची गरज नव्हती, आमच्या फळीवरची भांडी हलायची. एकदा कापड मोजायच्या लोखंडी गजानं त्यानं तिचा हात मोडला. तेव्हा मी तिला घेऊन मोर्णा नदीचा पूल ओलांडून कोर्टात गेले. पुन्हा हात उचलणार नाही असा मुचलका कोर्ट नवऱ्याकडून लिहून घेतं, तो मोडला तर आत टाकतं, असं ओळखीच्या एका वकिलानं सांगितलं होतं.

तारखेला कारकुनानं तिला विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध? नवऱ्याचं नाव सांगा."

तिनं मान खाली घातली. "पोराचे बाबा," म्हणाली.

मी मागून नाव सांगितलं, तर मलाच गप्प बसवलं. तक्रार तिची, सांगायचं तिनं. नवऱ्याचा वकील हसला. "साहेब, जिला नवऱ्याचा एवढा मान, तिला कोण मारेल?"

पुढची तारीख पडली. टेलर मिशीत हसत घरी गेला.

पुलावर मी भडकले. "काहून नाई घेतलं वं नाव?"

"नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते, बाई."

"अन् तुयं वाढून राहिलं काय?"

तिला पोरासकट मी माझ्याकडेच ठेवून घेतलं. आमच्या दारात बोकड होता. त्याला मी तिच्या नवऱ्याचं नाव ठेवलं आणि बजावलं, नावानं हाक मारल्याशिवाय चारा टाकायचा नाही. तो बिचारा ओरडत बसला. शेवटी तिनं पदर तोंडावर घेऊन हाक मारली. बोकड धावत आला. ती हसत खालीच बसली.

"बाई, हा बरा हाये! हाक मारली का येते, अन् मारत नाई."

पुढच्या तारखेला तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, सासऱ्याचं घेतलं, आडनाव घेतलं. इतक्या मोठ्यानं, की दारातला पट्टेवाला आत डोकावला. टेलरच्या वकिलाला हसू सुचलं नाही. टेलरनं मुचलक्यावर सही केली.

ती घरी परतल्यावर एकदाच त्यानं पुन्हा गज उचलला. ती अंगणात आली आणि त्याला पूर्ण नावानं हाक मारली. गल्लीतली सगळी दारं उघडली. माझ्या बोकडानंही ओ दिली. बायका पोट धरून हसल्या. टेलरनं गज ठेवला आणि गुपचूप मशीनवर जाऊन बसला.

नाव घेतल्यानं तो काही मेला नाही. चांगला म्हातारा झाला. गज मात्र त्यानंतर कापडावरच चालला.