हॉस्पिटलची स्वतःची पोलीस

डार्ला किन्नुनेन सतरा वर्षं हेमलॉक बे या छोट्या शहरातल्या हॉस्पिटलच्या दारात उभी होती. अंगात मरून कोट, कमरेला विजेरी आणि वॉकीटॉकी, छातीवर ‘सुरक्षा’ अशी शिवलेली पट्टी. अधिकार म्हणाल तर एकच, "प्लीज" म्हणण्याचा.

पण ते "प्लीज" तिनं चांगलं कमावलं होतं. खाणीतले, जंगलातले, सरोवरावरचे दांडगे पुरुष आरडाओरडा करत आत शिरायचे आणि ही पाच फूट दोन इंचांची बाई त्यांच्यासमोर उभी राहून विचारायची, "जेवलात का हो काही?" माणूस क्षणभर गोंधळायचा आणि त्या गोंधळात त्याचा अर्धा राग विरून जायचा. एरवी तिचा दिवस थंडीत बंद पडलेल्या गाड्या सुरू करून देण्यात, चादरींबरोबर धुलाईखान्यात गेलेल्या कवळ्या शोधण्यात आणि म्हाताऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलण्यात जायचा. तिला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. तिला हॉस्पिटल आवडायचं.

हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला त्या दिवशी दुपारी मात्र तिच्या "प्लीज"चा काही उपयोग झाला नाही. तातडीच्या विभागात एक माणूस मनगट सुजवून आला होता. आपल्याआधी दुसऱ्याला आत घेतलं म्हणून तो भडकला आणि त्यानं रेने बोशँप या मुख्य नर्सच्या थोबाडीत मारली. डार्ला मध्ये पडली. त्यानं खुर्ची उचलून भिंतीवर फेकली. नियम असा, की पहारेकऱ्यानं कुणाला धरायचं नाही, शहराच्या पोलिसांना फोन करायचा. शहराकडे गाड्या दोन, आणि दोन्ही महामार्गावर उलटलेल्या ट्रकपाशी. पस्तीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तो गृहस्थ चालत बाहेर गेला, यंत्रातून कॉफी घेतली, वर दूध कमी आहे म्हणून यंत्राला लाथ घातली आणि गाडी काढून निघूनही गेला. डार्लानं गाडीचा नंबर लिहून घेतला. तिला तेवढंच करता येत होतं.

रेने गालावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. "डार्ला, तुला राग नाही येत?"

"येतो ना. पण रागाचं मी करू काय? पट्टीवर नुसतं ‘सुरक्षा’ लिहिलंय. कुणाची, ते लिहिलंच नाही."

रेनेला हसू आलं आणि गाल दुखला म्हणून ती कळवळली.

त्या हिवाळ्यात रेने आणि अकरा नर्सेस बस करून राजधानीला गेल्या. हॉस्पिटलांना स्वतःचे पोलीस नेमता यावेत असा कायदा तिथं चर्चेला आला होता. प्रशिक्षण शहरातल्या पोलिसांइतकंच, शपथ तीच, बिल्ला तसाच, आणि वर राज्याचा अंकुश. रेने समितीसमोर चार मिनिटं बोलली. वसंतात कायदा मंजूर झाला आणि हॉस्पिटलच्या व्यवस्थापिका मिसेस प्रुइट यांनी उपाहारगृहात सगळ्यांची सभा बोलावली.

सगळेच काही खूश नव्हते. मनोविकार विभागाचे डॉक्टर हॉलिस उभे राहिले. उंच, वाकलेले, कधी आवाज न चढवणारे. "माझ्या वॉर्डात येणारा माणूस आजारी असतो. त्याला हातकडी दिसली, पिस्तूल दिसलं, तर तो बरा व्हायचा की बिथरायचा? पोलीस आले की आपण प्रत्येक भांडण त्यांच्या गळ्यात टाकू लागू. मला त्याची भीती वाटते."

टाळ्या वाजल्या नाहीत, पण खूप जणांनी माना डोलावल्या. डार्लानंही डोलावली. आणि सभा संपल्यावर ती थेट मिसेस प्रुइटांसमोर जाऊन उभी राहिली.

"अर्ज कुठं मिळेल?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मिसेस प्रुइटांनी चष्मा काढला. "डार्ला, अगं, तू एक्कावन्न वर्षांची आहेस."

"बावन्न. गेल्या मंगळवारी तुम्हीच केक कापलात."

घरी तिचा नवरा गॉर्डी मांस-बटाटा भरलेली पेस्टी खात बसला होता. तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवरचा बर्फ काढणारा ट्रक चालवायचा आणि दिवसाकाठी चाळीसेक शब्द बोलायचा. तिनं सगळं सांगितलं. त्यानं घास संपवला, वर केचप घेतलं. "म्हणजे घरात माझं काही चुकलं, तर आता थेट कोठडी?"

"आधी ताकीद मिळेल."

"मग हरकत नाही," गॉर्डी म्हणाला.

प्रशिक्षण सोळा आठवड्यांचं, अडीच तासांवरच्या एका कॉलेजात. वर्गात सव्वीस जण, बहुतेक तेवीस-चोवीस वर्षांचे, मानेपेक्षा दंड जाड असलेले. पहिल्याच आठवड्यात तिला ‘आई’ हे नाव पडलं. तिला कायदा पाठ व्हायचा, नेमबाजीही ठीक जमली, कारण लहानपणापासून ती वडिलांबरोबर शिकारीला जायची. घोडं अडलं धावण्यापाशी. दीड मैल, सतरा मिनिटांत. पहिल्या चाचणीत तिला सतरा मिनिटं आणि एकोणीस सेकंद लागली. ती गवतावर उताणी पडली आणि शिक्षक लिंडक्विस्ट तिच्यावर वाकून म्हणाले, "किन्नुनेन, आणखी एक संधी आहे. तीन आठवड्यांनी."

"तोवर मी जिवंत असेन का, सर?"

शनिवारी ती घरी यायची तेव्हा नर्सेस तिला हॉस्पिटलच्या वाहनतळावर पळवायच्या. अकरा फेऱ्या म्हणजे दीड मैल, हे कुणीतरी मोजून काढलं होतं. रेने हातात घड्याळ घेऊन उभी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांमधून रुग्ण ओरडतायत, "चल डार्ला, उचल पाय!" नवा गुडघा बसवलेल्या ऐंशी वर्षांच्या मिसेस सावेला तर कठड्याला धरून म्हणायच्या, "मी याच्यापेक्षा जोरात बाथरूमला जाते गं!" डार्लाला हसू आवरेना, आणि हसलं की पळता येईना. शेवटी रेनेनं वर जाऊन त्या खिडकीचा पडदा ओढून घेतला.

त्याच दरम्यान एक परीक्षा झाली. एक नट खोलीत खोटा चाकू घेऊन किंचाळणार आणि विद्यार्थ्यानं प्रसंग हाताळायचा. आधीच्या सगळ्यांनी दारातूनच दरडावलं होतं. डार्ला आत गेली, टेबल मध्ये राहील अशी उभी राहिली आणि सवयीनं म्हणाली, "जेवलात का हो काही?" नट थबकला. त्याला पढवलेल्या संवादांत याचं उत्तरच नव्हतं. "नाही... सकाळपासून नाही," तो खरंच बोलून गेला, कारण त्या दिवशी लिंडक्विस्टनी त्याला जेवणाची सुट्टी दिली नव्हती. पुढची सहा मिनिटं दोघं बोलत राहिले आणि चाकू टेबलावर आला. लिंडक्विस्टनी घड्याळ बंद केलं आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या."

दुसऱ्या चाचणीत तिला सोळा मिनिटं एक्कावन्न सेकंद लागली. शेवटच्या फेरीत ती दंडवाली पोरं आपली धाव संपवून परत आली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पळत राहिली. कुणी तिला हात लावला नाही, तो नियमात बसला नसता, पण "आई, आई" असा नुसता गजर चालला होता. रेषा ओलांडल्यावर तिला उलटी झाली. मग पोरांनी तिला खांद्यावर घेतलं.

शपथविधी खरं तर कोर्टात व्हायचा. पण रुग्णांना यायचं होतं, म्हणून न्यायाधीशबाईच उपाहारगृहात आल्या. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्च्या, मागे हिरव्या झग्यांतली, सलाइनचे दांडे धरलेली माणसं. चार अधिकारी नेमले होते, तिघं बाहेरचे आणि एक डार्ला. गॉर्डीनं तिच्या छातीवर बिल्ला लावला. उलटा. न्यायाधीशबाईंनी तो सुलटा केला आणि सगळं उपाहारगृह हसलं. डार्ला मात्र रडत होती. शपथ सुरू झाली तेव्हा डोळे पुसावेत तर एक हात वर केलेला आणि दुसरा बायबलवर, म्हणून तिनं पाणी तसंच वाहू दिलं.

त्या संध्याकाळी ती डॉक्टर हॉलिसांच्या खोलीत गेली. "तुम्ही सभेत बोललात ते मला पटलं होतं."

"आणि तरी तू अर्ज केलास?"

"म्हणूनच केला. ज्याला ते पटलंय असा एक तरी माणूस आत हवा ना." तिनं खिशातून कागद काढला. त्यात लिहिलं होतं, की मनोविकार विभागाच्या दाराशी कुलपाची पेटी बसवावी आणि पिस्तूल तिथं ठेवूनच पोलिसानं आत जावं. शिवाय रुग्णाला धरायचं की नाही हे शक्य तिथवर डॉक्टरांनी ठरवावं.

हॉलिसांनी कागद दोनदा वाचला. "यावर पहिली सही माझी चालेल का?"

पहिले दोन महिने हरवलेल्या किल्ल्या आणि बर्फात रुतलेल्या गाड्या यातच गेले. रेने चिडवायची, "बिल्ला गंजेल गं तुझा." मग मार्चमधल्या एका सकाळी स्वागतकक्षातून घंटा वाजली. रॉय टोलोनेन नावाचा लाकूडतोड्या, साडेसहा फूट, स्वागतकक्षातल्या शेरिलची कॉलर धरून टेबलावरून तिला ओढत होता. त्याच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन चालू होतं आणि चार तास त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"रॉय, सोड तिला," डार्ला म्हणाली.

"तू गप गं! तुला हात लावायचा अधिकार नाही, मला माहितीय!"

"नव्हता. जानेवारीपासून आहे. सोड, आणि हात मागे घे."

तिच्या आवाजात आज "प्लीज" नव्हतं. रॉयनं तिच्याकडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं, कॉलर सोडली आणि चक्क वळून हात मागे केले. बेड्या त्याच्या मनगटांना जेमतेम पुरल्या. तिनं त्याला खुर्चीवर बसवलं, शेरिलला विचारलं लागलंय का ते, तिची तक्रार लिहून घेतली. मग वरच्या मजल्यावर फोन केला.

"रॉय, तुझ्यावर गुन्हा नोंदवला आहे. कोर्टात जावं लागेल. शेरिलला तू दुखवलंस, त्यातून सुटका नाही. दुसरं असं, की आयलीनचं ऑपरेशन नीट झालंय. ती जागी होतेय."

तो एवढा थोरला माणूस खुर्चीवर पुढे वाकला आणि हुंदके देऊ लागला. शहराचे पोलीस असते तर त्यांनी त्याला तडक कोठडीत नेलं असतं, त्यांना दुसरीकडे धावायचं असतं. डार्लाला कुठं जायचं नव्हतं. हे हॉस्पिटल हीच तिची हद्द होती. तिनं वरच्या नर्सला विचारलं आणि त्याला लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर नेलं. आता बेड्या पुढून घातल्या होत्या.

आयलीननं डोळे किलकिले करून आधी नवऱ्याचं तोंड पाहिलं, मग त्याची मनगटं.

"काय केलंस?"

रॉयनं खाली मान घालून सांगितलं. आयलीननं डोळ्यांनीच दाराकडे खूण केली. "त्या पोरीची माफी माग. आज, आत्ता. खाली जाऊन."

"मागतो."

"काढू का बेड्या, आयलीन?" डार्लानं विचारलं. "समन्स दिलंय, आता जरूर नाही."

"राहू देत गं दहा मिनिटं," आयलीन पुटपुटली. "एकतीस वर्षांत हा पहिल्यांदा माझ्याजवळ एका जागी बसलाय."

नर्स बाहेर पळाली, कारण तिला मॉनिटरच्या शेजारी हसायचं नव्हतं. डार्लानं बेड्या काढल्या. रॉय तरीही उठला नाही. त्यानं आपले मोकळे झालेले हात आयलीनच्या हाताभोवती ठेवले आणि तसाच बसून राहिला.

खाली शेरिलनं माफी ऐकून घेतली, आणि तक्रार मागे घेणार नाही असंही सांगितलं. डार्लाला ते बरोबर वाटलं. मग ती अहवाल लिहायला बसली. कारण, वेळ, ठिकाण, काय घडलं, सगळं रीतसर. शेवटी ‘वापरलेले बळ’ असा रकाना होता. तिनं थोडा विचार केला आणि लिहिलं : "थोडेसे."

रेने कॉफीचे दोन कप घेऊन आली. "काय मग, अधिकारी बाई? कसं वाटतंय?"

"पाय दुखतायत," डार्ला म्हणाली आणि कप हातात घेऊन खळखळून हसली.