बाबांचा आवाज असलेला फोन

आमच्या घरात एक रीत आहे. दुरुस्तीला गेलेल्या वस्तूजवळ घरचं एक माणूस बसून राहतं. पंखा असो की मिक्सर, नजरेआड झाला की आतला माल बदलतात, असं बाबांचं ठाम मत. सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस. ताकच काय, पाणीही फुंकून पिणारा. लकव्यानं त्यांची वाचा गेली आणि ही राखण माझ्याकडे आली.

म्हणूनच माझा फोन बंद पडला तेव्हा बालाघाटच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मी स्टूल ओढून बसले. आजारपणाआधी भाजीवाल्यावर करवादणाऱ्या बाबांचं मी गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग त्यात होतं. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

कारागिरानं फोन उघडून बोर्डाला करंट सोडायच्या मशीनच्या तारा लावल्या.

"बोर्ड शॉर्ट आहे, ताई. बटन दाबलं नाई तरी करंट खाऊन राह्यला. तुमी घरी जा, सांजच्याले या."

"मी बसते इथंच."

"काहून? भरोसा नाई का?"

"नाई."

चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

त्यानं बोर्डावर राळेचा धूर धरला. पांढरा थर बसला. करंट सोडताच एका ठिकाणचा थर वितळला. "पाहा, इथंच गरम होऊन राह्यलं."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ह्यानंच तिथं हत्याराचं गरम टोक लावलं असलं तर? "पुसा आणि पुन्हा करा," मी म्हटलं. तो हिंदीत काहीतरी पुटपुटला, पण त्यानं पुसलं. पुन्हा तीच जागा वितळली.

तिथला मोहरीहून लहान तुकडा त्यानं काढला आणि बदली काही लावलंच नाही. तेही मला खटकलं.

"याच्याबिगर चालते," तो म्हणाला.

आणि फोन खरंच चालू झाला. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण आधी मी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. होतं.

घरी येऊन ते बाबांच्या कानाशी धरलं. त्यांनी डोळे बारीक केले. चांगल्या हातानं फोन उलटा करून, आतला माल बदलला का बघावं तशी, मागची बाजू पाहिली. आई जवळ सरकली. "अजी, तुमीच बोलून राह्यले न!"

बाबांनी तो हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला, जरा दाबून पाहिलं. मग माझ्याकडे बघून, नाही, अशी मान हलवली.