काटा मधीच हाय

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, देवापुढंही कधी धड शब्दांत बोललेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? मलाही नेमकं ठाऊक नाही.

माझे सासरे फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीवर आल्यावर, नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात, त्यांनी साताऱ्याहून एक जुनी मोटार आणली. आमचं गाव औंधच्या अलीकडं. नवरा लोणंदला कारखान्यात, शनिवारी यायचा. एरवी घरात मामंजी, सासूबाई आणि मी. त्या मोटारीला एक खोड होती. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा चालता चालता एकदम लाल रेघेवर उडायचा आणि आपसूक खाली यायचा. बॉनेट उघडून बघावं, तर आत सगळं शांत.

मला त्या काट्याचं वेड लागलं. पाणी भरलेलं आहे, पंखा फिरतोय — मग हा उडतो का? मामंजींना लांबचं लख्ख दिसायचं, जवळचं दिसत नव्हतं. चष्मा लावून चालवणं त्यांना कमीपणाचं वाटे. म्हणून मला शेजारी बसवायचे. "तू फकस्त काटा बघ, पोरी. रस्ता मी बघतो."

एकदा आम्ही रेडिएटरकडं पाणी सोडणारी पितळी झडप काढली, दोऱ्याला बांधली आणि चुलीवरच्या पातेल्यात उकळत धरली. पाणी तापलं तशी ती हळूच उघडली. आम्ही दोघं पोरांसारखे हसलो. सासूबाईंनी ते पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं नाही.

झडप चांगली निघाली. म्हणजे दुखणं दुसरीकडं. एका दुपारी मामंजी झोपलेले असताना मी चावी फिरवली — इंजिन चालू न करता — आणि काट्याची वायर हातानं चाचपत गेले. इंजिनाकडून आत येताना ती पत्र्यातल्या भोकातून येत होती. तिथं तिचं वरचं कातडं घासून तांबं उघडं पडलेलं. मी ते पत्र्याला टेकवलं. गार इंजिन, आणि काटा थेट लालवर! काय आनंद झाला म्हणून सांगू — सापडलं होतं, मला सापडलं होतं.

आणि मी कुणाला सांगितलं नाही.

कारण रोज संध्याकाळी आम्ही 'ट्रायल'ला जायचो. लग्न झाल्यापासून उंबऱ्याबाहेर मोकळं फिरणं म्हणजे तेवढंच. काटा बरा झाला असता, तर ट्रायल कशाची? पण माझा गुन्हा हा नाही. हा सांगायला सोपा म्हणून आधी सांगितला.

माझं माहेर जत तालुक्यात. वर्ष होत आलं होतं आईला भेटून. मामंजी म्हणाले, गाडीनंच सोडतो. सकाळीच निघालो. दुपारी, जतच्या अलीकडच्या उघड्या माळावर, काटा सरकायला लागला. उडाला नाही — सरकला. धक्का नाही, थरथर नाही. सावकाश, केसाकेसानं वर. वायरीनं काटा कसा उडतो ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? हे ते नव्हतं. मला कळलं होतं.

मामंजींनी नाक फुगवून वास घेतला. "जरा तापल्यावाणी वाटतंय. काटा काय म्हणतोय?"

थांबलो असतो तर ते माघारी वळले असते. माहेर तासाभरावर होतं.

"मधीच हाय, मामंजी."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं — काटा तेव्हा लाल रेघेला लागला होता.

थोडं पुढं गेल्यावर बॉनेटखालून वाफ उसळली, इंजिन खडखडलं आणि जाम झालं. खालचा पाण्याचा पाइप फाटला होता. एका मेंढपाळानं जतमधून ट्रॅक्टर आणून दिला.

तिसऱ्या दिवशी नवरा तिथल्या गॅरेजवर आला. काटा मधीच होता, असं मामंजींनी मिस्त्रीला सांगितलेलं. मिस्त्रीनं उघडी वायर शोधून काढली होती. तो म्हणाला, "हिच्यानं काटा उगाच वर जातो. पर गाडी तापल्याली असताना मधी काय ऱ्हाणार न्हाई. कुणी बगितलंच नसंल."

नवरा बापावर चिडला. चारचौघांत. "दिसत न्हाई तर चालवता कशाला? बायकोमाणूस गाडीत हुतं माझं!"

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. रागानं नाही — एखादं न कळणारं यंत्र बघावं, तसं. मग मुलाला म्हणाले, "व्हय. माझंच ध्यान न्हवतं."

त्यांना कळलं होतं का? मी आजही त्या नजरेचा अर्थ लावत बसते. मला वाचवलं, की खरंच स्वतःवरचा विश्वास उडाला? मी तिथं उभी होते, तोंड उघडून एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. मी पदर नीट करत राहिले.

इंजिन नवं करून गाडी घरी आली. काटा आता मधून हलत नव्हता. मामंजींनी चावी मुलाच्या हातात दिली आणि त्यानंतर कधी स्टेअरिंगला हात लावला नाही. ज्या माणसानं बर्फात फौजेचे ट्रक चालवले, तो पुढं सगळं आयुष्य मागच्या सीटवर बसला.

ते बरीच वर्षं जगले. सकाळचा चहा मीच द्यायचे. सासूबाई पूजेला बसलेल्या, ओसरीवर आम्ही दोघंच. ते कप घ्यायचे, "बस की, पोरी" म्हणायचे. मी बसायचे. इकडचं तिकडचं बोलायचे. काट्याचं तेवढं कधी सांगितलं नाही.