आईच्या नावावरची कॅरेटं

उत्पादकतेसारख्या विषयावर मी लिहावं एवढी माझी पात्रता नाही, याची मला जाणीव आहे. मी नाशिकच्या एका कॉलेजात अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझं काही चुकलं तर घरी दुरुस्त करणारंही कोणी नाही. ज्यांनी या विषयात आयुष्य घातलं त्यांनी मला माफ करावं. मी फक्त आमच्याकडे काय झालं ते सांगणार आहे, आणि तेही मला अजून पूर्ण समजलेलं नाही.

श्रमाची उत्पादकता हे प्रकरण सरांनी फार छान शिकवलं. माणसाच्या एका तासातून किती काम उभं राहतं, ते मोजायचं. देशभर ते वाढलं तर मजुरी वाढायला वाव मिळतो, कामाचे तास कमी होऊ शकतात. आपल्याकडे ते वाढतंय, पण हवं तेवढं नाही, म्हणून सरकार प्रशिक्षण देतं, छोट्या कारखान्यांना यंत्रांसाठी मदत करतं, कामाची पद्धत सुधारायला माणसं पाठवतं. सर बोलत होते आणि मला विंचूरची, आई काम करते ती शेड दिसत होती. वर्गात शिकवलेली एखादी गोष्ट आमच्या घराबद्दलची आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. हा विषय मला मनापासून आवडला. अजूनही आवडतो, हे सांगताना थोडं अवघडल्यासारखं होतं.

आई कांदा सुकवून त्याची पावडर करणाऱ्या एका कारखान्यात बरीच वर्षं काम करत आली. कांदा यंत्रात जाण्याआधी त्याची मुळी आणि देठ चाकूने कापावं लागतं. बायका समोरासमोर दोन ओळींत बसतात, मधे कांद्याचा ढीग, आणि प्रत्येकीच्या बाजूला प्लास्टिकचं जाळीदार खोकं. त्याला आमच्याकडे कॅरेट म्हणतात. सगळ्यांना दिवसाची मजुरी सारखीच, आणि संध्याकाळी मुकादम मोजायचा ती अख्ख्या ओळीची कॅरेटं. कोणी किती कापले हे विचारायची पद्धतच नव्हती.

गेल्या वर्षापासून आईच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज येऊ लागली. चाकू धरला की कळ कोपरापर्यंत जायची. निफाडच्या डॉक्टरांनी हाताला आराम द्यायला सांगितलं. आईने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला गेली. तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईला सगळी शेड खाला, म्हणजे मावशी, म्हणते. खालाने काही न बोलता आपले कापलेले कांदे अधूनमधून आईच्या कॅरेटात टाकायला सुरुवात केली. यात नवीन काही नव्हतं. कोणी बाळंतपणानंतर परत आली, कोणाला ताप असला, कोणाच्या घरी मयत झालं, की आजूबाजूच्या बायका तिच्या कॅरेटात टाकायच्या. शेतात सावड करतात, आज तुझ्या वावरात तर उद्या माझ्या, त्यातलाच हा प्रकार. आईनेही आजवर कितीतरी जणींच्या कॅरेटात टाकलं होतं.

मग कारखान्याने उत्पादकता वाढवण्याच्या एका सरकारी योजनेत भाग घेतला. हे काय असतं, असं आईने मला फोन करून विचारलं. मला एवढा आनंद झाला की मी बराच वेळ बोलत राहिलो. बसायला नीट उंची मिळेल, चाकू चांगले येतील, कमी त्रासात जास्त काम होईल. तुझ्या अंगठ्यासाठीच आहे असं समज, असंही मी म्हणालो. ती म्हणाली, मग बरं हाय.

योजनेचे साहेब तरुण होते आणि स्वभावाने चांगले होते, हे आईही म्हणते. बायकांना ताई म्हणायचे, त्यांच्यात बसून चहा प्यायचे. सुधारणा करण्याआधी आज किती काम होतं हे कळायला हवं, म्हणून एक दिवस प्रत्येकीचं काम वेगळं मोजू, असं त्यांनी सांगितलं. प्रत्येकीच्या कॅरेटांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावली गेली. ज्यांचं कमी भरेल त्यांना काढणार, अशी कुजबुज शेडमध्ये लगेच सुरू झाली. साहेब तसं काहीच म्हणाले नव्हते.

मोजणीच्या दिवसाबद्दल मी थोडं आईकडून, थोडं खालाकडून ऐकलं आहे. आज हिला जरा जास्त टाकायचं, असं खालाने मनाशी ठरवलं होतं. पलीकडच्या बाईनेही तेच ठरवलं होतं. समोरच्या ओळीतल्या बायकांनीही. एकमेकींना कोणी काही बोललं नाही, कारण असलं काही बोलून करायचं नसतं, जिला द्यायचं तिला ओशाळवाणं होतं. साहेबांनी पाठ फिरवली की चारी बाजूंनी कांदे आईच्या कॅरेटात पडत होते. आई मानेने नको म्हणत होती. मोठ्याने म्हणणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी सबंध शेडमध्ये सगळ्यात जास्त भरली ती आईच्या पट्टीची कॅरेटं.

साहेबांना खरोखर आनंद झाला. त्यांनी सगळ्यांसमोर आईचं कौतुक केलं, तिचा फोटो काढला. या वयाच्या ताईंना जे जमतं ते इतरांना का जमू नये, असं ते म्हणाले. आईचा आकडा सगळ्यांसाठी लक्ष्य म्हणून धरायचा ठरला. यापुढे प्रत्येकीची कॅरेटं रोज वेगळी मोजायची हेही ठरलं. आणि आईची कापण्याची पद्धत बाकीच्या शेडमधल्या बायकांना शिकता यावी म्हणून तिचं काम करतानाचं चित्रीकरण करायचं ठरलं.

रविवारी मी एसटीने घरी गेलो. वडील ट्रक चालवतात, ते तेव्हा इंदूरच्या बाजूला होते. खाला आमच्या ओट्यावर बसली होती. मला बघून म्हणाली, "ये बेटा. तुझी आई आता सरकारी माणूस झाली. आमाला वळख देती का बघ."

"हिनंच केलं हे," आई म्हणाली. "मूठभर टाकायचं तर ढीग टाकला."

"मला काय ठाऊक बाकीच्या बी टाकत्यात. मला वाटलं मी एकटीच पुण्य कमावती."

दोघी खूप हसल्या. आई हसता हसता डाव्या हाताने उजवा अंगठा दाबत होती.

खरं सांगितलं तर आईचा हात कामाचा राहिला नाही हे उघडं पडणार होतं. न सांगितलं तर दोन्ही ओळींना रोज अशा आकड्यामागे धावावं लागणार होतं, जो कोणाच्याच हाताने होणारा नव्हता. शिवाय वेगळी मोजणी म्हटल्यावर आता कोणी कोणाच्या कॅरेटात काही टाकू शकणार नव्हतं. आणि आईला एकटीला कॅमेऱ्यापुढे बसायचं होतं. मुकादमाने तिला बजावलं होतं की गप राहा, तुझ्यापायी माझंही काम जाईल.

आईने मला विचारलं, "तू याचंच शिकतो ना? मग सांग, काय करायचं."

तिने हे टोमण्याने विचारलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की मला माहीत असेल. मी म्हणालो, सरांना विचारतो.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मिळून केलेलं काम एकेकीच्या नावावर मोजलं की असं होतं, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय, असं ते म्हणाले. फळ्यावर काढून दाखवायला त्यांनी खडूही उचलला होता. तो परत ठेवून ते म्हणाले, "पण तुझ्या आईनं काय करावं, ते मला सांगता येत नाही रे." त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं नाही. फक्त, यांनाही येत नाही तर मग कोणाला विचारायचं, हे मला कळेना.

योजनेच्या नाशिकमधल्या कार्यालयात गेलो. साहेब दौऱ्यावर होते. तिथल्या लिपिकांनी सांगितलं की आकडे वर गेले आहेत, बदल करायचा तर कारखान्याने कळवावं लागेल. कारखाना कशाला कळवेल? त्यांचं नाव तर त्या आकड्यामुळे पुढे आलं होतं. तुम्ही कोण, असं लिपिकांनी विचारलं. मी विद्यार्थी म्हणालो. त्यांनी योजनेचं एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक मला दिलं आणि अभ्यासाला उपयोगी पडेल म्हणाले. मी थँक्यू म्हणून बाहेर आलो.

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. तिचं ठरलं होतं. "मी सांगून टाकते," ती म्हणाली. "कॅमेऱ्यापुढं हात चालायचा नाय. मग सगळ्यांनाच खोटं ठरवतील. त्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं." मी येतो म्हणालो, तर तिने साफ नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझा संख्याशास्त्राचा पेपर होता.

पेपर कसा गेला ते आठवत नाही. बाहेर येऊन मोबाईल सुरू केला, काही आलेलं नव्हतं. आईला लावला, ती उचलत नव्हती. मी चालत सीबीएसला, एसटी स्टँडवर गेलो. विंचूरवरून जाणारी येवल्याची गाडी लागलेली होती. चढावं की नाही ते ठरेना, आणि जाऊन तरी मी काय करणार होतो? गाडी भरली, सुटली. पुढची लागली. ऊन उतरल्यावर खालाचा फोन आला.

आई घरी आहे, रडत वगैरे नाही, भाकरी करते आहे, हे तिने आधी सांगितलं. मग बाकीचं सांगितलं. कॅमेरा लावायच्या आधीच आई सगळ्यांसमोर उठून बोलली की ही कॅरेटं माझी नाहीत, ओळीची आहेत. साहेबांनी तिचा अंगठा पाहिला. आधी का नाही सांगितलं ताई, असं म्हणाले आणि बाजूला जाऊन फोनवर बराच वेळ बोलत बसले. तोवर कारखान्याच्या माणसाने आईला बोलावून घेतलं.

"उद्यापासून येऊ नको म्हणाला," खाला म्हणाली. "चांगल्या शब्दांत म्हणाला. हाताला आराम द्या, म्हणे."

मी विचारलं, "आणि आकडा?"

"दुसऱ्या शेडांना कळवून झालं म्हणत्यात. आता बदलता येत नाय. आमाला सोमवारपासून तोच."