रोमन दुधी आणि गच्चीवरची बरणी

दुधीत मासळीचं पाणी घालतात हे मी माझ्या शेजारणीकडून शिकले. तिच्याबद्दल माझ्या मनात आजही जो राग आहे, तो त्या पाण्यापासूनच सुरू होतो.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही दोघी वाशीच्या एकाच कॉलेजात होतो, मी इतिहास शिकवायचे, ती होम सायन्स. सानपाड्याला चौथ्या मजल्यावर समोरासमोर दारं. मी इथलीच, खाडीकाठच्या आगरी घरातली. ती लग्न होऊन देशावरून आलेली, आणि तिच्या घरात कांदासुद्धा वार बघून चिरला जायचा. माझ्याकडे मात्र बुधवारी संध्याकाळी हमखास हजर! "बोंबील आहेत का गं?" असं दारातच विचारायची, चाटूनपुसून खायची, आणि बडीशेप चघळत समोरच्या दारात शिरायची. मला त्याचं कौतुक वाटायचं. मैत्रीण असावी तर अशी, असं मी आईला सांगायचे. मूर्ख कुठली!

कॉलेजच्या प्रदर्शनात रोमन स्वयंपाक मांडायची कल्पना तिचीच. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातल्या पानांच्या झेरॉक्स घेऊन ती आली आणि म्हणाली, "दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये जसं शिजायचं तसं शिजवू, भांड्यांसकट." मी तर उडालेच. टोमॅटो नाही, मिरची नाही, बटाटा नाही, पण मिरी, जिरं, धणे, मध, व्हिनेगर सगळं होतं. त्यांची एक लाडकी वनस्पती नामशेष झाली तेव्हा ते लोक हिंगावर आले, हे वाचून आम्ही दोघी टाळ्या देत हसलो. दुधीही त्यांच्याकडे होता. द्राक्षांचा रस काकवीसारखा आटवून घालायचा असायचा, तो मी मार्केटातली काळी द्राक्षं आणून आटवला. शिजवायला आईची मातीची तवली घेतली. कुंभाराला चित्र दाखवून एक जाड परात घडवून घेतली, आतून वाळूचे खडे दाबून बसवलेली, कारण ते लोक असल्या खरबरीत परातीत मसाला घोटायचे.

राहिलं ते मासळीचं पाणी. त्याच्याशिवाय रोमन स्वयंपाकघराचं पान हलत नसे. बारीक मासळी आणि जाडं मीठ थरावर थर भरायचं, मासळी विरघळेपर्यंत उन्हात ठेवायचं आणि मग गाळून घ्यायचं. मी मांदेली आणली, गावच्या आगरातलं मीठ आणलं. आई आली होती, तिने बरणीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "म्हावरा नि मीठ. ह्यान नवीन काय हाय गो?"

बरणी गच्चीवर नेली ती शेजारणीने. तोंडाला फडकं तिनेच बांधलं. जिन्यात कोणी विचारलं तर सांगायची, "कैरीचं लोणचं आहे हो, मुरतंय." मी म्हटलं, "बाई, खरं काय ते सांगून टाकू." तर म्हणे, "कशाला टेन्शन घेतेस? वास बाहेर येतोय कुठे?"

ते दिवस पापड-कुरडयांचे. आमच्या गच्चीचा एक रिवाज होता. जी बाई वर जाईल तिने सगळ्यांचे पापड उलटायचे, सगळ्यांची लोणची हलवायची. त्यात तुझं-माझं नव्हतं. एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू वर गेल्या, ज्यांच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. निव्वळ चांगुलपणाने त्यांनी आमचं 'लोणचं' हलवायला फडकं सोडलं. त्यांची किंकाळी मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकली. संध्याकाळपर्यंत बायकांनी आपापले पापड बाटले म्हणून फेकून दिले होते.

रविवारी सोसायटीची मीटिंग लागली. सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ही गच्ची आहे, मासळी बाजार नाही." मी तिच्याकडे पाहिलं, ती माझ्या शेजारच्याच खुर्चीत होती. आता उठेल, म्हटलं, आणि सांगेल की हे आमचं दोघींचं काम आहे, कॉलेजचं आहे. ती उठलीही.

"मला तर वाटलं लोणचंच आहे," ती म्हणाली. "मी असल्याला हातसुद्धा लावत नाही. त्यांच्या लोकांना सवय असते, त्यांना वास कळत नाही."

त्यांच्या लोकांना! जिथे ती बिल्डिंग उभी होती तिथे माझे वडील भात लावायचे. आणि मी काय केलं? चार जणांसमोर 'सॉरी' म्हटलं, बरणी उचलली आणि गावात आईकडे नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती आली. "रागावलीस? अगं, तसं बोलावंच लागलं. मला इथे राहायचंय."

"आणि मी काय धर्मशाळेत राहते?"

ती रडली. मला तिच्याकडून एकच हवं होतं. चार माणसांत एकदा, फक्त एकदा, सांग की बरणी आपल्या दोघींची होती. "प्रदर्शनातच सांगते, सगळ्यांसमोर," ती म्हणाली. मी विश्वास ठेवला. आशा वेडी असते म्हणतात ते काही खोटं नाही.

कॉलेज उघडल्यावर प्रदर्शन झालं. मासळीचं पाणी मी आईकडच्या बरणीतून गाळून आणलं होतं. हॉलच्या कोपऱ्यात मातीच्या शेगडीवर तवलीत दुधी रटरटत होता, मी डाव घेऊन बसले होते आणि ती जरीच्या साडीत माहिती सांगत होती. आमचे सेक्रेटरीही आले, त्यांची मुलगी आमच्याच कॉलेजात होती. ते मटण खाणारे, त्यांना फलकावर लिहिलेल्या मासळीच्या पाण्याची काही अडचण नव्हती. त्यांनी घास घेतला आणि डोळेच मिटले. प्रमुख पाहुण्या बाईंनी विचारलं, "ही चव कशाची?"

"रोमन सॉसची," ती म्हणाली. "मी स्वतः केलाय. दोन महिने उन्हात मुरवून."

"आणि या?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सेक्रेटरींकडे पाहिलं. "यांनी भांडी दिली," ती म्हणाली.

'यांनी'! इतक्या वर्षांत ती मला 'तू' सोडून काही म्हणाली नव्हती. सेक्रेटरींनी वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "अजून थोडा वाढा."

मी डाव खाली ठेवला. पदराने तवली धरून शेगडीवरून उचलली आणि तशीच दाराकडे निघाले. ती मागून हाका मारत होती, "अगं, प्रिन्सिपल यायचेत अजून!" मी रिक्षा केली. हात भाजले होते, पण तवली सोडली नाही.

घरी येऊन स्वयंपाकघरात फतकल मारून बसले आणि तवलीतूनच खाल्लं. मासळीचं पाणी माझं होतं, पण मधाचा आणि हिंगाचा अंदाज तिचा होता, तो मला कधीच जमला नसता. दुधी इतका सुंदर झाला होता की काय सांगू. ती चव आमच्या दोघींची होती, आणि तेच मला सहन होईना.