मोहरी घट्ट, बाही ढिली

सईदाआपा गेल्याचं मला मोबाईलवरच्या वेलनेस ग्रुपवरून कळलं. कोणीतरी त्यांचा हसरा फोटो टाकला, खाली जोडलेले हात, फुलं, अश्रू... आणि दहाच मिनिटांनी त्याच ग्रुपवर ‘उद्या सकाळी सहा वाजता चरबीची मोफत तपासणी’. मला किळस आली. दीड महिना झाला, ती अजून गेलेली नाही.

पांढरकवड्यात आपा वीस वर्षं माझे ब्लाउज शिवायच्या. माप घेताना पडदा ओढायच्या, आकडा कधी मोठ्यानं बोलायच्या नाहीत. कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहायच्या, कापड बेतून झालं की पुसून टाकायच्या. ‘बाईचं माप बाईलेच मालूम पाह्यजे,’ म्हणायच्या. अशा बाईला मीच त्या वेलनेस सेंटरवर नेलं. वजन मला कमी करायचं होतं, एकटीनं जायचा कंटाळा, म्हणून. तिथं एक मुलगी चिमट्यानं दंडाची कातडी ओढून चरबी मोजायची, बाजारात बकरी चाचपावी तशी. मग अनवाणी पायांनी यंत्रावर उभं राहायचं. पायांतून बारीकसा करंट जातो आणि चरबी किती, मसल किती ते यंत्र सांगतं. तो आकडा हे लोक चक्क माइकवर वाचतात. आपांचा वाचला तेव्हा त्यांनी ओढणी पोटावर ओढून घेतली. मी हसले. हे लिहितानासुद्धा माझी मलाच किळस येते.

मग आपा दोन महिने रात्रीच्या जेवणाऐवजी सेंटरनं दिलेली पावडर पाण्यात घोळून पीत राहिल्या. वजन वाढलं, पण यंत्रानं चरबी कमी आणि मसल जास्त दाखवली. टाळ्या झाल्या, आपांचा फोटो भिंतीवर लागला. त्याच आठवड्यात मी दुकानात गेले, तर त्यांनी कपाटाचं दार उघडून मला खडूच्या दोन रांगा दाखवल्या. त्यांचं स्वतःचं माप, एका रांगेत घोट्याचं, दुसरीत दंडाचं, दर शुक्रवारचं.

‘ताई, सलवारची मोहरी घोट्यावरून चढून नाही राह्यली. आन् बाही दंडाले ढिली पडून राह्यली. मसल आली त पायातच काहून आली?’

‘आपा, तुमची टेप कापडासाठी. यंत्र खोटं कशाला बोलेल?’

‘दम बी लागते, ताई.’

‘वजन उतरलं की जाईल.’

मी विज्ञानाची शिक्षिका. मिठाच्या पाण्यातून वीज जाते, हे दरवर्षी वर्गात दिवा पेटवून दाखवते... आणि अंगात साचलेलं पाणी त्या यंत्राला मसल वाटत असेल, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. छापील चिठ्ठी दिसली की आम्हा शिकलेल्यांची अक्कल गहाण पडते. पुढं आपांना झोपलं की श्वास पुरेना, तेव्हा यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी काही यंत्र लावायच्या आधी त्यांच्या नडगीवर नुसता अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. ‘ही चरबी नाही, मसलही नाही. हृदय थकलंय, पाणी साचलंय. इतके दिवस काय करत होता?’ आपांनी माझ्याकडं पाहिलं नाही. आठव्या दिवशी त्या गेल्या.

सेंटरच्या भिंतीवर त्यांचा फोटो अजून आहे. काढा म्हणून सांगायला गेले, तर तो चालक गोड हसून म्हणाला, ‘राहू द्या ना मॅडम, लोकांना प्रेरणा मिळते.’ त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही, कारण आपांना तिथं नेणारी मीच.

चाळिसावं झाल्यावर त्यांच्या लेकीनं, रुखसारनं, दुकान आवरायला मला बोलावलं. ओलं फडकं घेऊन तिनं कपाटाचं दार उघडलं आणि थांबली.

‘हे कोण्या गिऱ्हाइकाचं माप हाय, मावशी? नाव नाही लिवलं.’

‘तुझ्या अम्मीचं.’

तिनं रांगांवरून बोट फिरवलं. एक आकडा दर शुक्रवारी वाढत गेलेला, दुसरा घटत गेलेला. मग ओलं फडकं तिनं खाली ठेवून दिलं.

‘मंग कोनाले दाखवलं काहून नाही तिनं?’

‘दाखवलं होतं,’ मी म्हणाले. ‘मलेच.’