मुका भोंगा

लसींच्या थंड खोलीचा भोंगा वाजेना.

चाचणी म्हणून अक्कांनी दार सताड उघडं टाकलं होतं. पडद्यावरचं तापमान आठची मर्यादा ओलांडून नऊवर आलं, दहावर आलं. तरी सगळं चिडीचूप.

"माझा हात लागला म्हणून रुसला वाटतं," भांडार सांभाळणारे मामा म्हणाले.

अक्कांची बदली झाली होती, त्या काम मामांवर सोपवत होत्या, म्हणून आज पहिल्यांदाच मामांनी आपल्या लॉगिनमधून भोंग्याचा प्रोग्राम सुरू केला होता. सी या संगणकाच्या भाषेतला, अक्कांनी लेकरासारखा वाढवलेला. अक्कांनी दार लावलं, कोड उघडला आणि चूक समोरच दिसली.

तापमानाची मर्यादा प्रोग्राम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्यायचा, म्हणजे सुरू करणाऱ्याच्या लॉगिनमध्ये ठेवलेल्या आकड्यातून. तो आकडा होता फक्त अक्कांच्या लॉगिनमध्ये. मामांकडे तो नव्हताच, त्यामुळे प्रोग्रामच्या हाती काहीच लागलं नाही. आणि काही लागलं नाही तर शून्य धर, हे अक्कांनीच लिहिलेलं. शून्य म्हणजे भोंगा बंद. दुरुस्तीच्या दिवसांपुरती केलेली सोय.

"मग तो आकडा माझ्याकडेही टाका की," मामा म्हणाले. "पण अक्का, वीज जाऊन आली की हा आपोआप चालू होतो ना? तेव्हा लॉगिन कुणाचं?"

अक्कांच्या आत्ता लक्षात आलं. कुणाचंच नाही. सकाळी आल्यावर त्या सवयीने प्रोग्राम नव्याने सुरू करायच्या, भोंगा वाजवून बघायच्या, तो ठणठणीत वाजायचा. रात्री मात्र मुका.

"महिनाभर रोज रात्री वीज जातेय," मामांचा आवाज खाली आला. "थंड करायचं यंत्र कधी कधी परत चालूच होत नाही. रात्री भोंगा वाजला नाही, म्हणून मी सकाळी ते नुसतं चालू करायचो."

दोघं आत धावले. प्रत्येक कुपीवर एका वर्तुळात उष्णतेने काळा पडत जाणारा चौकोन असतो. मागच्या फळीवरचे फिके होते. दाराजवळच्या फळीवरचे भोवतालच्या वर्तुळाइतके गडद झाले होते, म्हणजे ती लस वाया गेली होती.

"या फळीवरचं काही बाहेर गेलंय?" अक्कांनी विचारलं.

"सकाळीच एक खोका. बाळांच्या लसीकरणाला."

"फोन लावा."

घंटा वाजत राहिली. मग नर्सबाईंचा आवाज आला, "काय हो मामा, रांग लागलीय इथे."

"खोका उघडलात?"

"आता उघडतेच आहे."

"हात लावू नका. बाळांना घरी पाठवा."

अक्कांनी परत संगणकाशी येऊन शून्य धरायची ती ओळ खोडली आणि नवी लिहिली. आकडा सापडला नाही, किंवा सापडला तो धड आकडा नसला, तर आधी भोंगा वाजव. मामांच्या रिकाम्या लॉगिनमधून प्रोग्राम सुरू केला.

भोंगा किंचाळला. बंद करायला दोघांपैकी कुणीही हात पुढे केला नाही.